अठ्ठावीस

कॅन्ससात समुद्र नाही.
म्हणजे होता, फार पूर्वी;
लॉरेन्समधल्या आमच्या इमारतीच्या पायऱ्यांत
त्याचे शिंपले अजून रुतून आहेत,
आणि मी रोज त्यांच्यावर पाय देऊन
तिसऱ्या मजल्यावर बेटं मोजायला जाते.

बेटं बरण्यांत असतात.
सत्तर टक्के अल्कोहोल, घट्ट झाकण,
आत सापसुरळ्या, पायाला दोऱ्याने नंबर बांधलेल्या,
लग्नघरात उशिरा झोपलेल्या बायकांसारख्या
एकमेकींवर रेललेल्या.

ही बरणी एकोणीसशे छत्तीसची.
ऑर्व्हिल स्टकी नावाच्या कुणा जहाजावरच्या डॉक्टरने
पेन्सिलीने लिहिलंय:
नेहमीचीच. नारळाच्या सोडणांखाली. तीन.

नेहमीचीच.
इतक्या वर्षांत कुणी हरकत घेतली नाही.
मी चिमट्याने एक उचलली, दिव्याखाली धरली,
धडाच्या मध्यावर सुईचं टोक फिरवत
खवल्यांच्या ओळी मोजल्या.
अठ्ठावीस.
नेहमीचीच्या बत्तीस असतात.
पुन्हा मोजल्या. चहा घेतला. पुन्हा.
दुसरीच्या अठ्ठावीस. तिसरीच्याही,
जिची शेपटी तुटून दुसऱ्याच बरणीत गेली असावी.

मनात पाल चुकचुकली म्हणतात;
माझी तर ती नोकरीच आहे.
आई असती तर टेबलावर बोट वाजवून
कृष्ण कृष्ण म्हणाली असती.

वेंडेल टोपी मागे सरकवून म्हणाला,
चार ओळींवरून वेगळी ठरवायची?
शब्दकोशात त्याला प्रजाती म्हणतात,
पण माझ्या तोंडी आधी जात येते,
आणि जात ठरवताना मी पाहिलंय माणसांना,
एक खवलाही न मोजता,
नुसत्या आडनावावरून.

म्हणून चार ओळी मलाही पुरत नाहीत.
चौथ्या बोटाखालच्या पट्ट्या मोजल्या,
कानाच्या भोकापुढचे दाणे,
नाकपुडीमागचा तो तिरपा खवला.
जनुकांचं काही निघालं नाही,
जुन्या औषधाने ती केव्हाच गिळली होती.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत.
म्हण करणाऱ्याला माहीत नसावं,
कधी कधी कुंपणच पुरात वाहून जातं,
त्याला एक गाभण मादी चिकटलेली असते
आणि महिनाभर नुसतं पाणी.

दक्षिणेला चार तासांवर, स्प्रिंगडेलमध्ये,
त्या बेटाकडची माणसं राहतात,
कोंबडीच्या कारखान्यात रात्रपाळी करतात.
लिजोनबाईंना मी फोटो पाठवला, भीतभीत.
फोनवर त्या आधी हसल्या.
ही? ही घरात येत नाही कधी.
घरात येते ती दुसरी.
लहान पोरालाही कळायचं आमच्याकडे,
दोघींना दोन नावं होती.
मी विचारलं, अजून आहे का तिथे?
त्या म्हणाल्या, उंदीर आले.
मग उंदरांसाठी मांजरं आणली.
मग आम्ही निघालो.
मागे कुणीतरी सुरी धुवत होतं.

निबंधात नाव घालायची जागा असते.
तिथे मी त्यांचा शब्द घातला,
घरात न येणारीचा,
लॅटिन शेपूट लावून; शेपटीविना चालत नाही.
शेपटी तुटलेली बाजूला ठेवली,
धडक्या दोघींतल्या एकीला लाल चिठ्ठी बांधली.
आढळ या रकान्यात लिहिलं: तीन, बरणीत.
वेंडेलने ते खोडलं.
मी परत लिहिलं.

संध्याकाळी खाली उतरताना
दगडी कठड्यावर एक हिरवट पिल्लू ऊन खात होतं.
इथे इटलीचे सरडे आहेत,
कुण्या विक्रेत्याच्या पेटीतून कधी सुटलेले,
बर्फाखालचे हिवाळे काढत पिढ्या वाढवलेले.
त्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं.
सवयीने ओठ हलले, एक, दोन,
मग थांबले मी,
आणि शिंपला टाळून
पायरीच्या कडेने उतरले.